सीन, स्वाद आणि अडीच लाखांचा डॅक

उर्दूत ‘स’ या एका आवाजासाठी तीन अक्षरं आहेत: से, सीन आणि स्वाद. ‘ज़’साठी तर चार. पाचवीच्या वर्गाला इमला, म्हणजे श्रुतलेखन घातलं की निम्म्या मुलांचे गुण इथेच जातात. ‘सब्र’ स्वादने लिहायचा की सीनने, हे नुसतं ऐकून कुणालाही सांगता येत नाही, शिकवणाऱ्या मलाही नाही. ते पाठ असावं लागतं. अरबीत या अक्षरांचे उच्चार खरोखर वेगळे आहेत आणि तजवीद शिकलेला कारी ते वेगळे काढून दाखवतो. पण उर्दू बोलणाऱ्याच्या जिभेवर तिन्ही एकच. फरक आहे तो कागदावर.

घरी गाणी ऐकण्यासाठी जी महागडी डिजिटल यंत्रं विकली जातात, त्यांतल्या बऱ्याचशांबद्दल माझं म्हणणं हेच आहे. त्यांचा फरक कागदावर असतो. एका मर्यादेपुढे तो कानापर्यंत पोहोचत नाही, आणि ती मर्यादा लोक समजतात त्यापेक्षा खूपच स्वस्तात गाठता येते.

हे लिहायचं कारण घरातलंच आहे. माझा मामेभाऊ एकोणीस वर्षं कुवेतला काढून गेल्या वर्षी रत्नागिरीजवळच्या गावी कायमचा परतला. आपल्या कोकणी घरांत आखाताचा आणि गाण्याचा संबंध जुना. १९८०च्या दशकात सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात टू-इन-वन असायचाच, आणि पुढचा महिनाभर अख्ख्या मोहल्ल्याला त्याच्या घरची कव्वाली ऐकू यायची. भाईजाननी काळाप्रमाणे डॅक आणला. नोकरीअखेर मिळालेल्या पैशांतून, अडीच लाखांचा. वर चाळीस हजारांची वायर. पैसे त्यांचे आहेत, शौकही त्यांचाच आहे, त्यात मी बोलणारा कोण? मला टोचलं ते वेगळंच. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “मला तर पहिल्या डब्यात आणि या डब्यात काही फरक कळत नाही. माझा कानच कच्चा असेल का?” दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं की कान तयार व्हायला सहा महिने लागतात.

सुरुवातीच्या दोन आलापांत गायक ओळखणारा हा माणूस. त्याला स्वतःच्या कानाची लाज वाटावी, एवढी ताकद त्या एका वाक्यात होती.

तर डॅक म्हणजे काय ते आधी साध्या शब्दांत. मोबाइलमध्ये, सीडीवर, इंटरनेटवर गाणं आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. त्या आकड्यांतून पुन्हा विजेची लहर तयार करून अ‍ॅम्प्लिफायरकडे धाडणारा भाग म्हणजे डॅक. तो प्रत्येक फोनच्या, टीव्हीच्या, लॅपटॉपच्या पोटात असतोच. तोच भाग वेगळ्या डब्यात, वेगळ्या वीजपुरवठ्यासह आणि जाड अ‍ॅल्युमिनियमच्या कवचात घातला की त्याची किंमत वाढू लागते. ब्रिटनच्या डीसीएस किंवा अमेरिकेच्या एमएसबी या कंपन्यांचे वरच्या श्रेणीतले डॅक वीस लाखांच्या पुढे जातात. दुसऱ्या टोकाला अ‍ॅपलची ती बोटभर वायर आहे, जी फोनला लावून आपण जुने हेडफोन जोडतो. अमेरिकेत तिची किंमत ९ डॉलर. तिच्यातही पूर्ण डॅक आहे, आणि प्रयोगशाळेतल्या मोजमापात तिचे दोष कानाला जाणवण्याच्या पातळीच्या खाली राहतात.

मग महागात मिळतं काय? दुकानात सांगतात की सीडीचा आवाज ‘पायऱ्यापायऱ्यांचा’ असतो, महागडं यंत्र तो गुळगुळीत करतं. जिन्याच्या पायऱ्यांसारखं एक चित्रही दाखवतात. ते चित्र चुकीचं आहे. सीडी १९८२ साली सोनी आणि फिलिप्स यांनी बाजारात आणली. तिच्यात आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मापं घेतलेली असतात. १९४९ साली क्लॉड शॅनन यांनी मांडलेला सिद्धांत असा की एखाद्या लहरीतल्या सर्वांत उंच कंपनाच्या दुपटीहून जास्त मापं घेतली, तर त्या मापांतून मूळ लहर जशीच्या तशी उभी करता येते. जवळपास नव्हे, जशीच्या तशी. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते हे आपण भूमितीत शिकवतो. इथेही, त्या मर्यादेत राहून त्या बिंदूंमधून जाणारी लहर एकच असते आणि डॅक तीच काढतो. बिंदू वाढवले म्हणून लहर जास्त गुळगुळीत होत नाही, तिच्यात आणखी उंच कंपनं मावतात एवढंच. तरुण, निरोगी कान फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. सीडीत २२,०५० पर्यंतची जागा आहे. चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्या बहुतेकांना पंधरा हजारांच्या पुढचं फारसं काही ऐकू येत नाही. दर सेकंदाला १,९२,००० मापांची फाइल विकत घ्यायची, म्हणजे वटवाघळासाठी गाणं घ्यायचं.

बिटचंही तसंच. सीडीच्या १६ बिटांत आवाजाचा हलकेपणा आणि जोर मोजायला ६५,५३६ पातळ्या मिळतात, म्हणजे साधारण ९६ डेसिबलचा पल्ला. आपल्या घरात रात्री पंखा चालू असला की ३५-४० डेसिबलचा आवाज आधीच असतो. त्याच्या वर ९६ डेसिबल पूर्ण वापरायचे म्हटलं तर कान दुखेस्तोवर आवाज चढवावा लागेल, आणि त्याआधी शेजारी दार ठोठावतील. २४ बिटांचा उपयोग स्टुडिओत आहे. रेकॉर्डिंग करताना, आवाज मिसळताना हातचं राखावं लागतं. कापड बेतताना शिंपी शिलाईपुरतं जास्त ठेवतो, पण तयार सदऱ्यात ते जास्तीचं कापड कुणी मिरवत नाही.

सिद्धांत बाजूला ठेवू, कानालाच विचारू. आम्ही मास्तर लोक बोर्डाचे पेपर तपासतो तेव्हा उत्तरपत्रिकेवर मुलाचं नाव नसतं. का नसतं हे बी.एड.ला शिकवलेलं असतं: नाव दिसलं की प्रामाणिक माणसाचाही हात हलतो. आवाजाची परीक्षाही अशीच झाकून घ्यावी लागते. दोन्ही यंत्रांचा आवाज आधी मोजून सारखा करायचा आणि कोणतं चालू आहे हे ऐकणाऱ्याला सांगायचं नाही. आवाज सारखा करणं फार महत्त्वाचं, कारण एखादं यंत्र अगदी किंचित मोठं वाजलं तरी ते मोठं वाटत नाही, ‘जास्त खुललेलं’ वाटतं. दुकानात ही काळजी कोण घेतो?

२००७ साली ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी अमेरिकेत अशी झाकलेली चाचणी प्रसिद्ध केली. उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा थेट ऐकवला, एकदा मधे सीडीच्या दर्जाची गाळणी घालून. एकूण ५५४ वेळा विचारलं. २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. या चाचणीवर आक्षेप घेतले गेले, त्यांतले काही योग्यही होते. पुढे २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातले जोशुआ राइस यांनी अशा १८ प्रयोगांचे आकडे एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या थोडं वर निघालं, आणि आधी सराव दिलेल्यांमध्ये ६०च्या आसपास. म्हणजे फरक शून्य नाही. कारीला सीन आणि स्वाद वेगळे ऐकू येतात, तसा सराव केलेल्या कुणाला तरी कधीतरी काहीतरी जाणवतं. पण दुकानात विकला जातो तो ‘पडदा बाजूला झाल्यासारखा’ फरक. शंभरात बावन्न वेळा बाजूला होतो, तो कसला पडदा?

नावाचा परिणाम किती खोल असतो हे २०२२ साली उघड झालं. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या एलपी विकत होती, काहींची किंमत सव्वाशे डॉलर. डिजिटलचा स्पर्श झाला की आवाजातला जीव जातो असं मानणारे शौकीन त्या डोक्यावर घेत होते. त्या वर्षी कळलं की २०११ पासूनच त्यांतल्या कित्येक एलपी मधे डिजिटल प्रत घेऊन बनवल्या जात होत्या. प्रत उत्तम दर्जाची होती, हे खरं. पण डिजिटल लगेच ओळखतो म्हणणाऱ्यांच्या त्या एवढ्या वर्षांत लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते माहिती फुटल्यावर, आणि मग कोर्टकचेऱ्या.

आणखी एक गंमत. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका शहरात एकेएम कंपनीच्या चिपच्या कारखान्याला आग लागली आणि जगभरातल्या डॅक बनवणाऱ्यांची धावपळ उडाली, स्वस्तवाल्यांची आणि महागवाल्यांचीही. अनेकांच्या डब्यात त्याच एका घराण्याच्या चिप होत्या. डीसीएस आणि एमएसबीसारखे मोजके आपली रचना स्वतः करतात, त्यांची गोष्ट वेगळी. पण लाख-दोन लाखांच्या पट्ट्यात तुम्ही बहुतेक वेळा कवचाचे पैसे देता. कवच सुंदर असतं, हातात घेतलं की जड लागतं. त्यासाठी घेत असाल तर जरूर घ्या. घड्याळंही लोक वेळ पाहण्यासाठी घेत नाहीत.

मग आवाज खरंच कशाने बदलतो? स्पीकरने आणि खोलीने. चांगल्या डॅकचा दोष टक्क्याच्या हजाराव्या भागात मोजतात, चांगल्या स्पीकरचा मात्र खालच्या सुरांत टक्क्यांमध्येच. कॅनडातले फ्लॉइड टूल यांनी या विषयात आयुष्य घातलं. १९९४ साली त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच स्पीकर तेच लोक घेऊन एकदा उघडे आणि एकदा पडद्याआड ऐकवले, तर पसंती बदलली. मोठा, देखणा स्पीकर दिसत असताना वर गेला, दिसेनासा झाल्यावर खाली आला. पण त्यांच्या कामातून दिलासाही मिळतो: झाकून ऐकवलं की साध्या माणसांची पसंती आणि तयार कानांची पसंती बरीचशी एकाच स्पीकरकडे जाते. कच्चा कान म्हणून ज्यांना हिणवतात, त्यांना चांगला आवाज कळतो. फक्त तो समोर खरोखर असावा लागतो.

आणि आपल्या खोल्या! खाली चकचकीत लाद्या, चार उघड्या भिंती, एक लोखंडी कपाट. अशा दिवाणखान्यात टाळी वाजवून पाहा, ती झणझणत राहते. गाण्याचा प्रत्येक शब्दही तसाच झणझणतो. भाईजानच्या खोलीत आम्ही जाड सतरंजी घातली, खिडकीला दुहेरी पडदे लावले, वरच्या माळ्यावरची पुस्तकांची मांडणी खाली आणून स्पीकरच्या समोरच्या भिंतीला टेकवली आणि स्पीकर कोपऱ्यातून दोन हात पुढे ओढले. पडद्याच्या कापडाखेरीज काही विकत आणलं नाही. गझलेतला काफ आणि काफच्या आतला घसा त्या संध्याकाळी दोघांनाही स्पष्ट ऐकू आला. वहिनींनाही आला, आणि त्यांना या विषयात तिळमात्र रस नाही.

पण आपण जे ऐकतो त्याबद्दलही बोलायला हवं. आमच्या घरात ऐकलं जातं ते बरंचसं जुनं: बेगम अख्तर, मेहदी हसन, मिरजेत स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ. गौहर जानने १९०२ साली कलकत्त्यात भोंग्यात तोंड घालून गायलं तेव्हा तबकडीवर साधारण तीन हजार कंपनांच्या वरचं जवळजवळ काही उतरतच नव्हतं. १९२५च्या सुमारास विजेचं रेकॉर्डिंग आलं आणि पल्ला वाढला, तरी लाखाच्या तबकडीची खरखर राहिलीच. अशी तबकडी २४ बिटांत उतरवणं जतन करणाऱ्यांसाठी योग्यच आहे. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटनाही तेच सुचवते, कारण पुढच्या दुरुस्तीला माया लागते. पण ऐकणाऱ्याला ‘हाय-रेस’ म्हणून ती जास्त पैशांत विकणं म्हणजे खरखरीचं उत्कृष्ट छायाचित्र विकणं. उलट काही नव्या आवृत्त्यांत खरखर पुसता पुसता ‘श’ आणि ‘स’ही पुसले जातात, कारण दोघांची जागा वरच्याच कंपनांत आहे. शीन-काफ दुरुस्त नसलेली बेगम अख्तर मला वीस लाखांच्या डॅकवरही नको. २०१७ साली सहा हजारांच्या आत पाच हजार गाणी घेऊन आलेला कारवाँ घराघरांत गेला, तो काही बिटांमुळे नव्हे. अम्मीला बटण फिरवून तलत महमूद सापडतो म्हणून गेला.

आजकाल अ‍ॅपवर गाण्याच्या खाली ‘लॉसलेस’, ‘२४ बिट’ अशी पाटी येते. ती भांड्याचा आकार सांगते, आत काय आहे ते नाही. मला तिथे वेगळी माहिती हवी आहे. हे गाणं मूळ टेपवरून घेतलं की घासलेल्या तबकडीवरून, कुणी घेतलं, कोणत्या साली? खरखर काढली असेल तर किती? आणि तबकडी कोणत्या वेगाने फिरवली? कारण सगळ्या जुन्या तबकड्या बरोबर ७८च्या वेगाने कापलेल्या नसायच्या आणि वेग चुकला की गाणाऱ्याची पट्टीच बदलते. आपण बुजुर्गांचा आवाज म्हणून दुसराच कुणी चढा, बारीक आवाज ऐकत बसतो. एवढी माहिती गाण्याखाली द्यायला कंपन्यांना दोन ओळी पुरतील.