घरातली प्रार्थनासभा वाढतेय; पण तिला विचारणारं कोण?

रविवारी सकाळी चर्च आणि बुधवारी नाहीतर शुक्रवारी रात्री कुणाच्या तरी घरी प्रार्थना. जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना हे वेळापत्रक नवं नाही. अनेक वस्त्यांवर मात्र आता दुसरी गोष्टच मुख्य होऊ लागलीय. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, बाकीचे आठवडे आठ-दहा घरांचा गटच मंडळी चालवतो.

कारण साधं आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं. पुढे राहुरी, वडाळा, शेवगाव अशी केंद्रं उभी राहिली, शाळा आणि बंगले बांधले गेले. तेव्हा पगार आणि दुरुस्तीचा पैसा बाहेरून यायचा. 1970 मध्ये उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली आणि कारभार इथल्या माणसांच्या हातात आला, पण जुन्या इमारतींचा खर्चही सोबत आला. एका पाळकाकडे पाच-सात गावं असली की प्रत्येक रविवारी प्रत्येक गावात उपासना होणं शक्यच नाही. त्यात रविवार हा बऱ्याच जणांच्या कामाचाच दिवस. कांदा काढणीला आला की रविवार कोण बघतो? रात्री आठला, जेवणं उरकल्यावर शेजारच्या ओट्यावर जमणं मात्र जमतं.

ही सोय गरजेतून आली असली तरी कल्पना जुनी आहे. नव्या करारात प्रिस्किल्ला आणि अक्विला या नवरा-बायकोच्या घरात जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख येतो. चर्चच्या इमारती नंतरच्या. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे 1742 साली जॉन वेस्लीच्या लोकांवर इमारतीचं कर्ज होतं. ते फेडायला बारा-बारा जणांचे गट पाडले आणि आठवड्याला माणशी एक पेनी ठरवली. गटप्रमुख पैसे गोळा करायला घरोघर जाऊ लागला, तेव्हा कुणाच्या घरात दारू शिरलीय, कोण आजारी आहे, हे कळायला लागलं. कर्जवसुलीचा गट असा माणसं सांभाळायचा गट झाला. कॅथलिक चर्चमध्येही पूर्व आफ्रिकेतल्या बिशपांनी 1970 च्या दशकात लहान ख्रिस्ती समूहांना प्राधान्य दिलं. मुंबईच्या धर्मप्रांतातही ती पद्धत रुजली.

गावच्या भाषेत सांगायचं तर हा बचत गट आणि भजनी मंडळ यांच्या मधला प्रकार. दोन गाणी, शास्त्राचा एक उतारा, मग प्रत्येकाने बोलायचं. चर्चमध्ये मागच्या बाकावर गप्प बसणारी बाई इथे बोलते, आणि बऱ्याच गटांत तीच पुढाकार घेते. मिशनच्या काळात घरोघर फिरणाऱ्या ‘बायबल बाई’ होत्या, त्यामुळे यात धक्का बसावं असं काही नाही. पण निवडणुकीत आणि सहीच्या कागदावर ती दिसत नाही, हेही खरं.

खरी अडचण पुढे आहे. चर्चमधल्या पाळकाला वरून कुणीतरी विचारतं. घरातल्या गटाच्या पुढाऱ्याला कोण विचारणार? गट कुठल्याच मंडळीशी जोडलेला नसेल, तर थाळीत पडलेल्या पैशाचा हिशोब एकाच माणसाच्या खिशात राहतो. नोंदणीकृत चर्चचे हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे जातात. ओट्यावरच्या थाळीचे जात नाहीत. दुसरी गोष्ट आजारपणाची. आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्यात गैर काही नाही. पण ‘गोळ्या बंद करा’ असं कुणी सांगू लागलं, तर ती प्रार्थना राहत नाही. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून रोखणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग रोखणारा कुठल्याही धर्माचा असो.

बाहेरचा संशयही इथूनच सुरू होतो. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्य सरकारने कथित सक्तीच्या धर्मांतरावरील कायद्याचा अभ्यास करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हापासून वातावरण तापलेलं आहे. संविधानाचं कलम 25 धर्म पाळण्याचं आणि सांगण्याचं स्वातंत्र्य देतं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगितलंय. आपल्या घरात आपल्या माणसांनी प्रार्थना करणं आणि आमिष दाखवून कुणाला ओढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण दार लावलेलं असेल तर शेजाऱ्याला तो कसा कळणार? दार उघडं, आवाज घरापुरता आणि गट कुठल्या मंडळीचा हे गावाला माहीत, एवढ्यानेही बरेचसे गैरसमज कमी होऊ शकतात.

आणखी एक गोष्ट कुणी उघड बोलत नाही: जातीचा दाखला. 1950 च्या आदेशानुसार अनुसूचित जातीची सवलत हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, खरी श्रद्धा नसताना केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचं सांगणं ही संविधानाची फसवणूक आहे. जुलै 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांनी असे दाखले रद्द करण्याची घोषणा केली. चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याची तारीख लिहिली जाते; घरातल्या गटात हजेरीही लागत नाही. मुलीची शिष्यवृत्ती अडकेल या भीतीने ओट्यावरच थांबलेली कुटुंबं असू शकतात. त्यांना खोटारडे म्हणणं सोपं आहे. पण श्रद्धा आणि शिष्यवृत्ती यांपैकी एक निवडायला लावणारा नियम त्यांनी केलेला नाही.

वस्तीवरचा गट वस्तीपुरताच राहतो, हाही धोका आहेच. एका आळीचा गट, एका भावकीचा गट, आणि पलीकडच्या आळीत दुसरा. ज्या दोन घरांचं एकमेकांकडे पाणी चालत नाही, ती दोन्ही आपापल्या ओट्यावर सुखाने प्रार्थना करू शकतात. चर्चमध्ये प्रभुभोजनाला तरी त्यांना एकाच रांगेत यावं लागतं. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येणार असतील, तर तो रविवार कुणाच्या घरी न ठेवता चर्चमध्येच ठेवायचा की नाही, हे मंडळीच्या पंचांना ठरवावं लागेल.