केबिनमधला दिवा आणि चहाच्या किमतीचा फ्यूज

कापसाचा सीझन सुरू झाला की नागपूर-वर्धा रस्त्यावर सेलूजवळ रात्री उभं राहून बघा. पिकअप, ४०७, आयशर, दहाचाकी ट्रक. त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या केबिनमध्ये निळा, जांभळा, हिरवा उजेड दिसतो. काचेच्या वरच्या कडेला एलईडीची पट्टी, देवाच्या फोटोभोवती लुकलुकणारी माळ. आपण कॉलेजची पोरं ते बघून हसतो. ‘काय लायटिंग मारली बावा, ट्रक आहे की डीजे?’ एखादा रील काढतो आणि विषय संपतो.

माझं म्हणणं आहे, विषय तिथे संपत नाही. तिथूनच सुरू होतो. जुन्या ट्रकच्या आत जादा दिवा लागतोच, ती चैन नाही. मात्र तो दिवा आज ज्या पद्धतीने बसवला जातो, ती पद्धत जीवघेणी ठरू शकते. आणि ती सुधारायला जे ज्ञान लागतं, ते तुमच्याकडे-माझ्याकडे दहावीपासून नुसतं पडून आहे.

दिवा कशाला हवा?

जुन्या ट्रकमध्ये आतला दिवा म्हणजे छताला एक पिवळा बल्ब. वॅट पाच-दहा. त्याची काच धुळीने आणि धुराने मळलेली. नुसती गाडी चालवायची असती तर तेवढा पुरला असता. पण ट्रकची केबिन ही फक्त चालवायची जागा नाही, राहायची जागा आहे. ड्रायव्हर आणि क्लीनर तिथे जेवतात, झोपतात, बिल्टी वाचतात, डिझेलचा आणि टोलचा हिशोब लिहितात, सीटखाली पडलेला पाना शोधतात. कापसाच्या भावाच्या रोजच्या यादीत ‘सिंदी (सेलू)’ हे नाव आपण वाचतो. त्या यार्डात किंवा जिनिंगच्या दारात गाडीचा नंबर लागेपर्यंत कधी कधी अख्खी रात्र त्या केबिनमध्येच जाते. आपल्या होस्टेलच्या खोलीत एक ट्यूबलाइट गेली तर आपण रेक्टरकडे तक्रार करतो. आणि महिन्यातले वीस दिवस एका पिवळ्या बल्बखाली काढणाऱ्या माणसाने दुसरा दिवा लावला की त्याला ‘शायनिंग’ म्हणतो!

सरकारलाही हे उशिरा का होईना, कळलंय. २०२५ पासून साडेतीन टनांवरच्या नव्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण हा नियम नव्या गाड्यांचा. आपल्याकडे कापूस, गहू, सोयाबीन, रेती, विटा वाहतात त्यात जुन्या गाड्या भरपूर. त्यांच्या ड्रायव्हरला जे काही सुख मिळवायचं ते रस्त्याकडेच्या दुकानातून, स्वतःच्या पैशाने.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर नियमात न बसणारा बदल गाडीत केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हे ऐकून अनेकांना वाटतं की आत साधा दिवा लावणंही गुन्हा आहे. तसं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०८ म्हणतो की गाडीच्या पुढे लाल दिवा दिसता कामा नये आणि मागे लाल सोडून दुसरा दिसता कामा नये. त्यात गाडीच्या आतल्या प्रकाशाला सूट आहे. म्हणजे आत उजेड असण्याला कायद्याची हरकत नाही. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील किंवा तो गोंधळेल असं काही करू नका, एवढाच साधा अर्थ.

पण कायदा बघतो तो दिसणारा दिवा. छताच्या रेक्झिनमागून गेलेली वायर कुणालाच दिसत नाही. आठ वर्षांपेक्षा जुन्या ट्रकला दरवर्षी फिटनेस करावं लागतं. तिथे ब्रेक, हेडलाइट, इंडिकेटर तपासता येतात. रेक्झिन उसवून आतला जॉइंट कोण बघणार? खरा धोका मात्र त्या जॉइंटमध्येच बसलेला असतो.

रेक्झिनच्या मागे काय आहे?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. जुने ट्रक बरेचदा कंपनीतून पूर्ण बांधून येत नसत. इंजिन, चेसिस आणि पुढचा पत्रा यायचा. केबिन बांधायचा बॉडी बिल्डर. लाकडी सांगाडा, त्यावर प्लायवूड, आतून फोम आणि रेक्झिन. घर उबदार करायला उत्तम, आग पकडायलाही उत्तम. वर्ध्याच्या मे महिन्यात ही केबिन तापते तेव्हा जुन्या वायरींचं प्लास्टिक कडक होतं, तडकतं. अशा भिंतीतून आपण नवी वायर ओढणार असतो.

आता गणित. दुकानात मिळणारी जाड, झगझगीत एलईडी पट्टी मीटरला साधारण १४ वॅट खाते. पाच मीटरचं बंडल लावलं तर झाले ७० वॅट. पट्टी १२ व्होल्टची. ७० भागिले १२, म्हणजे जवळपास ६ अँपिअर. मूळ बल्ब १० वॅटचा आणि गाडी २४ व्होल्टची असेल, तर तो अर्धा अँपिअरसुद्धा घेत नव्हता. म्हणजे ज्या बारीक वायरीवर तो बल्ब चालत होता, तिच्यावर आपण बारा-पंधरा पट करंटचं ओझं टाकलं.

दुसरी गोष्ट. ४०७ सारखी गाडी १२ व्होल्टची असते, पण मोठ्या ट्रकमध्ये १२-१२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पट्टी १२ ची, गाडी २४ ची. मग काय करतात? दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घेतात. दिवा लागतो, सगळे खूश. पण अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना एकत्रच चार्ज करतो. वापरलेली बॅटरी कायम अर्धी उपाशी राहते, न वापरलेली गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. काही महिन्यांत दोन्ही जातात, आणि ड्रायव्हर बॅटरी कंपनीला शिव्या देतो. यावर उपाय म्हणजे २४ व्होल्टचीच पट्टी घ्या, नाहीतर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, फ्यूज. पुस्तकात त्याला ‘वितळतार’ म्हणतात. दहावीत ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यात आपण ती शिकलो, आकृती काढली, मार्क घेतले. ट्रकची बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर करंट सोडू शकते. बारीक वायर काही सेकंदांत लाल होते. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरीला, बॅटरीच्या अगदी जवळ, एक फ्यूज लावला असता तर वायरीच्या आधी तो गेला असता. प्लास्टिकचा साधा फ्यूज चहाच्या किमतीत मिळतो. आणि तो दिव्याजवळ नाही, बॅटरीजवळच हवा. कारण पत्र्याच्या कडेला घासून वायर मध्येच उघडी पडली, तर दिव्याजवळचा फ्यूज नुसता बघत बसेल.

पण फ्यूज लावला म्हणजे आपण सुटलो, असंही नाही. समजा जॉइंट नुसता पीळ मारून, काळी टेप गुंडाळून केलाय. गाडीच्या हादऱ्यांनी तो सैल झाला आणि त्याचा रेझिस्टन्स ०.२ ओहम झाला. करंट ५ अँपिअर धरा. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे २५ गुणिले ०.२. उत्तर ५ वॅट. भुईमुगाच्या शेंगेएवढ्या जागेत, टेपच्या आत, प्लायवूडला चिकटून, पाच वॅटची उष्णता तासन्तास. टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटते. आणि गंमत म्हणजे या सगळ्यात करंट वाढतच नाही. त्यामुळे फ्यूज उडणार नाही! म्हणून जॉइंट नीट दाबून, क्रिम्प करून, त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवून करायचा. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवायचं. वायर ठिकठिकाणी बांधून ठेवायची. यात रॉकेट सायन्स काही नाही.

आणि मागे कापूस असतो

हे सगळं इतर कुठल्या गावात बोललो असतो तर ‘जाऊ द्या, फार तर दिवा बंद पडेल’ म्हणून सोडलं असतं. आपल्याकडे मागे कापूस असतो, राजेहो. सुटा, वाळलेला, ताडपत्रीखाली दाबलेला. कापसाच्या गाडीला आग लागायला बाकीची कारणंही आहेतच. सायलेन्सरची ठिणगी, कुणीतरी टाकलेली बिडी, खाली लोंबणारी विजेची तार. पण ही कारणं बाहेरची आहेत. वायरिंग आपल्या हातातलं आहे. शिवाय कापूस भडकायच्या आधी आतल्या आत धुमसतो. वरून पाणी मारलं तरी आत राहिलेला विस्तव नंतर डोकं वर काढतो. त्या गाडीत एखाद्या घराचं वर्षभराचं उत्पन्न असतं, आणि पुढे केबिनमध्ये एखादा माणूस झोपलेला असतो.

त्यातून मागच्या बॉडीतही दिवा हवाच असतो. रात्री माल भरणाऱ्या हमालांना पाय कुठे ठेवायचा ते दिसलं पाहिजे. तिथे तर उघडी वायर, लोंबता होल्डर अजिबात नको. कापसाच्या गाडीत मागे दिवा देण्यापेक्षा मालापासून दूर, बाहेरून उजेड टाकणं कधीही बरं.

डोळ्यांचंही ऐका

आता ड्रायव्हर दादांना न आवडणारं एक. चालत्या गाडीत काचेवरची निळी-पांढरी पट्टी बंदच हवी. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. ती सवय एका झगझगीत दिव्याने क्षणात मोडते. वर समोरच्या काचेत पट्टीचं प्रतिबिंब पडतं ते वेगळंच. त्या प्रतिबिंबामागे बिनारिफ्लेक्टरची बैलगाडी असेल तर ती दिसणार कशी? म्हणून दोन दिवे, दोन बटणं. थांबल्यावर जेवायला, वाचायला लख्ख पांढरा. चालताना हवाच असेल तर पायाजवळ, झाकलेला, मंद लाल. लाल उजेडाने अंधारातली नजर कमी बिघडते. आणि देवाची माळ? ती राहू द्या. एक-दोन वॅटची माळ कुणाचं काही बिघडवत नाही. तिच्या वायरीत फ्यूज असला की झालं.

मग हे करणार कोण?

गाड्यांची वायरिंग करणाऱ्या मिस्त्रीला दोष देणं सोपं आहे. पण तो बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून बोटांनी शिकलाय. बंद पडलेली गाडी तो ज्या झटपट चालू करतो, ते आपल्याला सात जन्मात जमणार नाही. त्याला कुणी करंटचा हिशोब शिकवला नाही, एवढंच. आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘भाऊ, शंभर रुपयात पट्टी मारून दे, लवकर निघायचं आहे.’ शंभरात फ्यूज, स्लीव्ह, ग्रोमेट बसत नाही. मग जे बसत नाही ते गळतं.

दुसऱ्या बाजूला आपण. बीएस्सीच्या लॅबमध्ये ओहमचा नियम पडताळतो, ग्राफ काढतो, जर्नलवर सही घेतो. हातात मल्टीमीटर असतो, पण तो लॅबच्या दारातून बाहेर येत नाही. हिशोब येणारा आणि हात चालणारा, दोघं एकाच गावात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. यातलं खटकणारं म्हणजे हे वर्धा जिल्ह्यात घडतं. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि हाताच्या कामातून शिक्षण देणाऱ्या ‘नई तालीम’ची आखणी झाली. आपण सेवाग्रामला सहल नेतो, चरख्यासमोर फोटो काढतो. पण आज चरख्याच्या जागी आपल्या गावात काय आहे, हे स्वतःला विचारत नाही. माझ्या मते ट्रकचं वायरिंग त्यात नक्की बसतं.

म्हणून एक साधा प्रस्ताव. एनएसएसच्या शिबिरात आपण झाडं लावतो, रस्ते झाडतो. त्यातला एक दिवस, कापसाचा सीझन सुरू व्हायच्या आधी, गाड्यांच्या वायरिंगला द्यायचा. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन आणि वायरमन ट्रेडची मुलं-मुली, बीएस्सी फिजिक्सवाले, आणि गावातले एक-दोन जुने मिस्त्री. शिकवायला नाही, सोबत काम करायला. प्रत्येक गाडीची चारच कामं: बॅटरीजवळ फ्यूज आहे का, जॉइंट हाताला गरम लागतो का, वायर पत्र्याला घासते का, २४ व्होल्टच्या गाडीत एकाच बॅटरीवरून लाइन घेतली आहे का. सामानाचा खर्च वर्गणीतून निघेल. मिस्त्री आपल्याला क्रिम्प कसं करायचं ते दाखवेल, आपण त्याला कुठल्या दिव्याला किती अँपिअरचा फ्यूज ते कागदावर लिहून देऊ. तो कागद त्याच्या दुकानात भिंतीवर चिकटला तर आपल्या जर्नलपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

कुणी म्हणेल, ही काय डिग्रीवाल्यांची कामं आहेत का? तुमच्या वर्गात एकतरी जण असा असेल ज्याच्या बाबांची किंवा काकांची गाडी आज रात्री माल घेऊन निघणार आहे. त्याला विचारा, फ्यूज कुठे आहे ते माहीत आहे का. नसेल माहीत, तर उद्या सकाळी गाडी परत आली की दोघं मिळून बोनेट उघडा.