रीस्टार्ट करण्याआधी पाच मिनिटं

आपल्या हॉस्टेलवर आणि लॅबमध्ये सगळ्या आजारांवर एकच औषध चालतं. रीस्टार्ट! नेट बंद, रीस्टार्ट. प्रिंटर रुसला, रीस्टार्ट. स्वतःच्या पीसीपुरतं ठीक आहे. पण ज्या लिनक्स सर्व्हरवर पन्नास-साठ जणांचं काम चालू असतं, तिथेही तेच औषध द्यायला माझा विरोध आहे.

मागच्या सबमिशनच्या आठवड्यात सर्व्हर असाच रखडला. लॉगिनला तीन-तीन मिनिटं. लोड 40! लगेच कुजबुज सुरू. कोणीतरी टॉरेंट लावलाय, सेकंड इयरच्या पोरांनी काहीतरी उद्योग केलाय, वगैरे. टॉपच्या यादीत एमईच्या एका मुलाचं सिम्युलेशन सगळ्यात वर दिसलं. झालं, आरोपी सापडला! त्याला न विचारता प्रोसेस मारली आणि मशीन रीस्टार्ट केलं. दोन दिवसांचं रन पाण्यात. दुसऱ्या दिवशी सर्व्हर पुन्हा तस्साच.

आता जरा लोड म्हणजे काय ते बघू. अपटाइम कमांड तीन आकडे देते : गेल्या 1, 5 आणि 15 मिनिटांची सरासरी. हे आकडे कोअरच्या संख्येशी ताडून बघायचे. 8 कोअरच्या मशीनवर 8 लोड म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. पण 40 म्हणजे सीपीयू दमला, असंही नाही. 1993 पासून लिनक्स सीपीयूच्या रांगेतल्या प्रोसेसबरोबरच 'डी' अवस्थेतल्या, म्हणजे बहुतेक वेळा डिस्कच्या किंवा नेटवर्कवरच्या फाइल सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही लोडमध्ये मोजतं. मेसचंच उदाहरण घ्या. रांग दारापर्यंत आलीय, आचारी मात्र हात बांधून उभा, कारण सिलिंडरच आलेला नाही. अशा वेळी रांगेतल्या एकाला हाकलून काय होणार?

आपल्याकडे नेमकं हेच झालं होतं. तिसऱ्या दिवशी लॅबच्या सरांनी शांतपणे पीएस लावून पाहिलं, तर सीपीयू जवळजवळ रिकामा आणि तीसेक प्रोसेस 'डी'मध्ये. सगळ्यांच्या होम डिरेक्टरी एनएफएसवरून येतात, आणि त्या फाइल सर्व्हरची डिस्क मरायला टेकली होती. बिचारं सिम्युलेशन फक्त एक कोअर वापरत होतं.

असे प्रकार मोठ्यांकडेही होतात. 30 जून 2012 ला, म्हणजे आपल्याकडे 1 जुलैच्या पहाटे साडेपाचला, जगाच्या घड्याळात एक लीप सेकंद वाढवला गेला. लिनक्स कर्नलच्या टायमरमधल्या चुकीमुळे जावासारखे प्रोग्राम अचानक सीपीयू खाऊ लागले. रेडिटसारख्या साइट अडखळल्या. रीस्टार्ट करणाऱ्यांचंही काम भागलं, नाही असं नाही. पण ज्यांनी कारण शोधलं, त्यांना कळलं की घड्याळात तीच वेळ पुन्हा सेट केली तरी पुरतं. मशीन बंद करायची गरजच नाही.

"सबमिशनच्या रात्री एवढा वेळ कोणाला आहे?" असं काही जण म्हणतील. अहो, पाच मिनिटं लागतात! अपटाइम बघा, लोड चढतोय की उतरतोय ते कळतं. व्हीएमस्टॅटमध्ये 'आर' आणि 'बी' हे रकाने बघा, सीपीयूची रांग आहे की डिस्कची ते कळतं. 'एसआय' आणि 'एसओ' सतत हलत असतील तर रॅम कमी पडतेय. पीएसमध्ये 'डी' कोण कोण आहे ते बघा, डीमेसेजमध्ये डिस्कची रड आहे का बघा. रोज ठरावीक वेळीच त्रास होत असेल तर क्रॉन तपासा. एकदा रीस्टार्ट केलं की त्या क्षणाची प्रोसेसची यादी कायमची गेली. मग उरतात फक्त अफवा.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. सर्व्हरशेजारी एक साधी वही ठेवावी. रीस्टार्ट करणाऱ्याने आधी वेळ, लोडचे तीन आकडे आणि 'डी'मधल्या प्रोसेसची नावं त्यात लिहावीत. दुसरं, कोणाचीही प्रोसेस मारण्याआधी त्याला एक फोन करावा. तो मुलगा आपल्याच हॉस्टेलवर राहतो, अगदी दोन जिने वर. त्याचे दोन दिवस काही परत येणार नाहीत, पण निदान पुढच्याचे तरी वाचतील.