जुनी मोटर आणि शेजारधर्म

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी भालकी तालुक्यातील एका खेड्यात, एका परिचित कुटुंबाकडे आम्ही दोन दिवस मुक्कामास होतो. सायंकाळी अंगणात बसलो असता त्या घरचा कॉलेजात शिकणारा मुलगा जवळ आला व हळूच म्हणाला, “काका, आजोबांची मोटर ठेवावी की देऊन टाकावी? परवा भंगारवाला येणार आहे.”

आम्ही चिंचेच्या झाडाकडे पाहिले. तेथे १९६८ सालची फियाट उभी होती. टायर बसलेले, काचांवर धुळीचा थर, मागच्या बैठकीत उंदरांनी केलेले घर आणि खाली सावलीला कोंबड्या. मुलाच्या आजोबांनी ती सोलापुरात जुनीच विकत घेतली होती. त्या काळी गावात मोटर अशी ती एकच. रात्री अपरात्री अडलेल्या बाळंतिणीला बीदरच्या इस्पितळात तिनेच नेले, कित्येक नवऱ्या मुलींना देवळाच्या दारी तिनेच उतरविले. आजोबा वारले, दोघा मुलांच्या वाटण्या झाल्या, अंगणाच्या मधोमध हद्दीचा दगड पडला आणि मोटर नेमकी त्या दगडावर आली. चावी थोरल्याकडे राहिली, नोंदणीचे पुस्तक धाकट्याकडे गेले. दोघांत बोलणे उरले नाही. त्यामुळे मोटर बारा वर्षे ना चालली, ना विकली गेली. आता भंगारवाल्याला ना चावी हवी, ना पुस्तक. त्याला वजनाचा काटा पुरतो. जे पैसे येतील ते अर्धे अर्धे घ्यावे, असे ठरले होते. बारा वर्षांत दोघा भावांचे एकमत झाले, ते एवढ्या एका गोष्टीवर.

त्या मुलाला आम्ही त्या संध्याकाळी जे सांगितले, ते आमच्या वाचकांसही उपयोगी पडेल असे वाटते. कारण अशी मोटर, जीप किंवा फटफटी आपल्या कितीतरी गावांत गोठ्याच्या आडोशाला उभी आहे.

जगात जुन्या मोटारी सांभाळणाऱ्या माणसांच्या मंडळ्या आहेत. ‘क्लब’ हा शब्द ऐकताच आपल्या डोळ्यांपुढे पत्ते, पेले आणि पैसेवाले उभे राहतात. परंतु या मंडळ्यांची मूळ कथा निराळी आहे. इंग्लंडात एके काळी यंत्राच्या गाडीने रस्त्यावर यावयाचे, तर तिच्यापुढे एका माणसाने पायी चालावे असा कायदा होता. १८९६ साली तो गेला आणि ताशी चौदा मैलांपर्यंत वेग ठेवण्याची मोकळीक मिळाली. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटरवाल्यांनी लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटन शहरापर्यंत आपल्या गाड्या हाकल्या. पुढे १९२७ मध्ये त्या दिवसाची आठवण म्हणून तोच प्रवास पुन्हा करण्यात आला आणि महायुद्धासारखे खंड वगळता तो आजतागायत दर नोव्हेंबरात होतो. त्यात १९०५ पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच प्रवेश असतो. १९३० साली याच प्रवासाच्या अखेरीस ब्रायटनमध्ये जुन्या मोटारींचा एक क्लब स्थापन झाला. या प्रकारच्या मंडळ्यांत तो आद्य गणला जातो.

या प्रवासाची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. ती शर्यत नव्हे. पहिला आलेल्यास बक्षीस नाही. जो वेळेत ब्रायटनला पोहोचला, त्याला पदक. शंभरावर वर्षांच्या गाड्या वाटेत बंद पडतातच. अशा वेळी मागून येणारा थांबतो, आपली हत्यारे काढतो, हात काळे करतो. ज्या खेळात शेजाऱ्याला मागे टाकून काही मिळत नाही, त्या खेळात शेजाऱ्यासाठी थांबणे सोपे जाते.

आपल्या देशात ‘स्टेट्समन’ या इंग्रजी वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीत आणि १९६८ पासून कलकत्त्यात जुन्या मोटारींचा मेळावा सुरू केला. मुंबईत ‘विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ आहे. बंगळूर व हैदराबाद येथेही अशा मंडळ्या आहेत. रविवारी सकाळी सभासद आपापल्या गाड्या घेऊन ठरल्या जागी जमतात, थोडा फेरफटका करतात, बॉनेट उघडून एकमेकांच्या इंजिनात डोकावतात. कोणाला काय सापडले, कोणाला काय हवे, कोणत्या गावी कोणता मिस्त्री अजून हयात आहे, याची चौकशी होते. बाहेरून पाहणाऱ्यास हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. परंतु त्या चौकशीवाचून एकही जुनी गाडी दोन वर्षे टिकणार नाही.

याचे कारण साधे आहे. या मोटारी घडविणारे कारखानेच आता उरले नाहीत. आपल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभारला. तेथूनच फियाट ११०० बाहेर पडली. तीच पुढे ‘पद्मिनी’ झाली. ते उत्पादन थांबून आता वीसहून अधिक वर्षे लोटली. मुंबईच्या रस्त्यांवरील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेऊन गेली. बंगालमधील उत्तरपाड्याची अँबॅसडर मे २०१४ मध्ये बंद झाली, तर म्हैसुरात बनणारी जावा आणि येझदी फटफटी त्याही आधी, १९९६ साली. म्हणजे ब्रेकचे एखादे सिलिंडर किंवा पंपाचा एखादा पडदा गेला, तर तो दुकानात नव्हे, दुसऱ्या मालकाच्या ट्रंकेत शोधावा लागतो. कोणा एकापाशी पूर्ण गाडी नसते. गाडी पूर्ण होते ती मंडळीपाशी.

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाची १९१२ सालची पिवळी रोल्स-रॉईस ठेवलेली आहे. बीदर व कलबुर्गी हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या मुलखातलेच. त्यामुळे आपल्याकडील वडीलधाऱ्यांना निजामाच्या मोटारींच्या कथा ठाऊक आहेत. राजाच्या मोटारीला खजिना सांभाळतो. चिंचेखालच्या फियाटला सांभाळावयाचे, तर शेजारीच पाहिजे.

आता कायद्याविषयी दोन शब्द. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांस स्वतंत्र स्थान दिले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदविता येते. त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क असून ती दहा वर्षे चालते. नूतनीकरणास पाच हजार पडतात. मात्र अशा वाहनाने रोज बाजारास जाता येत नाही, भाडेही मारता येत नाही. मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांपुरतेच ते रस्त्यावर यावे, असा नियम आहे. वीस हजार ही शेतकरी कुटुंबास लहान रक्कम नव्हे, हे आम्ही जाणतो. तेव्हा ही नोंदणी केलीच पाहिजे असे आमचे म्हणणे नाही. परंतु नोंदणीचे पुस्तक न पाहता, गाडीचे वय न मोजता ती काट्यावर चढवू नये, एवढेच सांगणे आहे. आणि गाडी मोडीतच द्यावयाची ठरली, तरी तिची नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी. नाहीतर आजोबांच्या नावाची नोंद मागे राहून पुढे डोकेदुखी व्हावयाची.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलात मिसळतात. २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. आपल्या बीदर जिल्ह्यातील ऊसवाल्यांस यात समाधान आहे. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या आणि पंपाचे पडदे या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते. म्हणून जुनी गाडी टाकीत पेट्रोल ठेवून महिनोन्‌महिने उभी करू नये आणि नळ्या वेळीच बदलून घ्याव्या.

हे सारे आम्ही त्या मुलाला सांगितले. त्याने दुसऱ्याच दिवशी हुमनाबादेहून एका वृद्ध मिस्त्रीस बोलावून आणले. तरुणपणी फियाटवर हात बसलेला हा माणूस गाडीभोवती दोनदा फिरला आणि प्रथम म्हणाला, “सेल्फला कोणी हात लावू नका.” त्याने चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडले आणि रात्रभर तसेच ठेवावयास सांगितले, कारण बारा वर्षे उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टन गंजून चिकटलेले असतात, त्यांना जोराने हलविले तर मोडतात. टाकीतील जुने पेट्रोल डिंकासारखे घट्ट झाले होते. तेही उपसून काढले.

सकाळी मिस्त्रीने चावी मागितली. मुलगा थोरल्या काकांकडे गेला. मग गाडीच्या सांगाड्यावरील क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहावा, असे ठरले. पुस्तक मुलाच्या वडिलांकडे. अशा रीतीने दोघे भाऊ पुष्कळ वर्षांनी एका बॉनेटवर वाकले. गंज खरवडून थोरल्याने बॅटरी धरली, धाकट्याने पुस्तकातील आकडे एकेक करून वाचले. आकडे जुळले. नंतर मिस्त्रीने टायरांत हवा भरून गाडी वरच्या गिअरात टाकली व म्हणाला, “आता हळूच ढकला. एका अंगाने नको, दोघे लागा.” दोघे लागले. पहिल्यांदा गाडी हलली नाही. दुसऱ्यांदा ती वीतभर पुढे सरली आणि आतून इंजिन फिरल्याचा आवाज आला. घरातील सून चहा घेऊन आली होती. तिने न विचारता दोन कप हद्दीच्या दगडावर ठेवले.

वाचकहो, तेव्हा काही चमत्कार झाला असे आम्ही म्हणत नाही. वाटणीचा तंटा कोर्टात होता, तो तेथेच आहे. गाडीही त्या दिवशी सुरू झाली नाही. पेट्रोलच्या पंपाचा पडदा फाटलेला होता. मुलाने फोनवरून विचारपूस करीत सोलापुरातील एका अनोळखी फियाटवाल्या गृहस्थाचा पत्ता काढला. त्याने बसच्या चालकाहाती जुना पण शाबूत पंप पाठवून दिला. पैसे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “पैसे नकोत. तुमच्या आजोबांच्या सामानात डिस्ट्रिब्युटरचे झाकण असेल तर पाहा.” आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत तशी दोन झाकणे कागदात गुंडाळलेली निघाली. एक सोलापुरास गेले. सोबत त्या गृहस्थाने एक सूचनाही पाठविली होती: आपल्या उन्हाळ्यात फियाटचा पंप तापून आतील पेट्रोलची वाफ होते व गाडी थांबते, तेव्हा पंपावर ओले फडके ठेवून पाच मिनिटे सावलीत बसावे. हे ज्ञान कोणत्या शाळेत शिकवीत नाहीत. सांगणारा गेला की ते जाते.

आमच्या मते जुन्या मोटारींच्या मंडळीचे सार एवढेच आहे. नव्या मोटारीला कोणाची गरज नसते. ती बिघडली तर कंपनी आहे, आणि काचा वर केल्या की शेजारी दिसतही नाही. जुनी मोटर मालकाला दुसऱ्याच्या दारी जावयास लावते, विचारावयास लावते, उसने घ्यावयास व उसने द्यावयास लावते. आपल्या खेड्यांत बैलजोडी, मोट आणि मळणी यांच्या निमित्ताने हे घडत असे. ती निमित्ते गेली. निमित्तांची गरज मात्र गेलेली नाही.

तेव्हा भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंद भागातील ज्या घरी जुनी मोटर, जीप, राजदूत वा जावा पडून असेल, त्या घरच्या तरुणांस आमची विनंती आहे. मोठे नाव, वर्गणी आणि फलक यांची घाई करू नका. पंचक्रोशीत असे तीन-चार मालक शोधा. महिन्यातून एका रविवारी, मिस्सा व जेवणे आटोपल्यावर, एकाच्या अंगणात जमा. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्यापाशी कोणता सुटा भाग जास्त आहे व कोणता नाही, याची यादी वहीत लिहावी. एखाद्या वृद्ध मिस्त्रीला खुर्ची द्यावी आणि तो सांगेल ते टिपून घ्यावे. गाडी चालो वा न चालो, एवढे काम वाया जाणार नाही.

त्या घरचा भंगारवाला ठरल्या दिवशी आला होता. काटा घेऊन तो थोडा वेळ चिंचेखाली थांबला. थोरल्या भावाने त्याला सांगितले, “सध्या नाही. धाकट्याला विचारावे लागेल.” बारा वर्षांनंतर हे वाक्य त्या अंगणात प्रथमच ऐकू आले, असे मुलाने आम्हांस पत्रात कळविले आहे.