छायाचित्र कोणाचें?

छायाचित्र म्हणजे दिसलें तें जसेंच्या तसें उतरलेलें, असा आपला सर्वांचा समज असतो. परंतु यंत्र कोणाच्या हातीं होतें आणि त्यापुढें बसलेल्याची संमति कोणीं विचारली होती, हे प्रश्न आपण क्वचितच करतों. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय छायाचित्रकार कॅरी मे वीम्स (जन्म १९५३) यांच्या कृतींचा विचार करतां हेच प्रश्न आम्हांस मुख्य वाटूं लागले आहेत.

इ. स. १८५० मध्यें हार्वर्ड विद्यापीठांतील विख्यात प्राध्यापक लुई अगासी यांच्या सांगण्यावरून साउथ कॅरोलिनांत सात गुलामांचीं छायाचित्रें काढण्यांत आलीं. त्यांत डेलिया व ड्राना या दोन स्त्रिया होत्या. त्यांचीं वस्त्रें कमरेपर्यंत उतरविलेलीं होतीं. निरनिराळे मानववंश मूळचेच वेगळे आहेत, या मतास पुरावा हवा होता. माणसांची विचारपूस नको होती. १९७६ सालीं हीं चित्रें हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयांत पुन्हां सांपडलीं. वीम्स यांनीं १९९५-९६ मध्यें त्यांतील कांहीं मोठीं करून लाल रंगांत छापलीं, वर्तुळाकार चौकटींत बसविलीं आणि वरील कांचेवर त्या व्यक्तींस उद्देशून शब्द कोरले.

कोणी म्हणेल कीं, एकदां झालेली विटंबना पुन्हां भिंतीवर कां टांगावी? हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. त्या स्त्रियांची संमति या वेळींही मिळणें शक्य नव्हतें. तथापि आमचें मत असें कीं, पहिलीं चित्रें त्यांच्याविषयीं बोलत होतीं, हीं त्यांच्याशीं बोलतात. हे शब्द वाचावयास पुढें झालेल्या प्रेक्षकास 'मीही तसाच पाहत उभा आहें काय?' असें मनाशीं विचारावें लागतें. पुढें एका स्त्रीनें आपण त्या गुलामांच्या वंशांतील असल्याचें सांगून २०१९ सालीं दावा लावला, आणि २०२५ च्या तडजोडीनें हार्वर्डनें मूळ चित्रांवरील हक्क सोडला.

वीम्स यांची १९९० सालची माला याहून साधी आहे. स्वयंपाकघरांतील एक मेज, वर टांगलेला एक दिवा, आणि मेजाशीं बसलेली एक स्त्री. कधीं जवळ पुरुष, कधीं मुलगी, कधीं मैत्रिणी, कधीं कोणीच नाहीं. त्या स्त्रीच्या जागीं वीम्स स्वतःच बसल्या आहेत. येथें कांहीं सिद्ध करावयाचें नाहीं. एक बाई आपल्या घरांत आहे, एवढेंच.

हें सर्व दूरदेशींचें, असें मात्र कोणीं समजूं नये. विल्यम जॉन्सन यानें १८६३ व १८६६ सालीं मुंबईंतील लोकांच्या छायाचित्रांचें पुस्तक दोन भागांत काढलें. त्यांत माणसांची मांडणी जाति-जमातींच्या नांवांनीं आहे. समोर उभें राहिलेलें माणूस कोण, हें बहुधा कळत नाहीं.

आणि आपलें काय? दरवर्षीं या अंकांत वर्गांचीं चित्रें येतात. खालीं डावीकडून उजवीकडे सर्वांचीं नांवें असतात. ज्या बाई पहाटे येऊन तें आंगण झाडतात व जे शिपाई बांकें मांडून देतात, ते त्यांत नसतात; कडेला चुकून आले तर त्यांचें नांव नसतें. त्यांस विचारून, त्यांची इच्छा असेल तर, त्यांनाही पुढल्या रांगेंत बसवावें आणि त्यांचें नांव बिनचूक छापावें. पुढील वर्षाच्या चित्रापासून हें घडावें, अशी आमची अपेक्षा आहे.