फुप्फुसांना दोष देऊ नका

सेहेचाळिसाव्या वर्षी मी अल्टो सॅक्सोफोन घरी आणला, तेव्हा तो केसमधून बाहेर यायच्या आतच सल्ले सुरू झाले. ‘या वयात एवढा दम कुठून आणणार?’ हा पहिला. ‘सॅक्सोफोन म्हणजे छातीचं काम’ हा दुसरा. तो देणाऱ्या गृहस्थांनी लग्नाच्या बँडमध्ये वीस वर्षं क्लॅरोनेट वाजवलेलं, त्यामुळे त्यांना उत्तर देणं जरा जड गेलं.

तरी देतो. ज्याला फुगा फुगवता येतो त्याला अल्टो फुंकता येतो. नवशिका पाच सेकंदांत धापा टाकू लागतो, तो हवा कमी पडते म्हणून नव्हे. निम्मी हवा ओठांच्या कोपऱ्यांतून सुटते, आणि उरलेली जायच्या आत तो खालच्या जबड्याने रीड दाबून तिची वाटच बंद करतो. मग आणखी जोर लावतो, आवाज आणखी चिरकतो आणि खापर फुटतं फुप्फुसांवर. गाणारे ज्याला दमसास म्हणतात तो श्वास पुरवून वापरण्यात असतो, छातीच्या मापात नाही.

खात्री हवी असेल तर घरच्या घरी करून बघा. रीड तोंडात धरून ओली करा, माउथपीसला लावा आणि बाकी सगळं वाद्य बाजूला ठेवून नुसतं माउथपीस फुंका. शेजारी पेटी ठेवा. अल्टोच्या माउथपीसमधून पांढरी सहाच्या आसपास सूर यायला हवा. त्याहून चढा आला तर तुम्ही चावताय. फार उतरला तर ओठ ढिले आहेत. माझा पहिल्या दिवशी जवळजवळ दीड सूर चढा होता. वरचे दात माउथपीसवर नुसते टेकलेले, खालचा ओठ दातांवर गादीसारखा, आणि कोपरे आवळलेले: एवढं जमायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत छातीत काहीच बदललं नव्हतं.

‘आधी क्लॅरोनेट शीक, मग सॅक्स आपोआप येतं’ हा मुद्दा मात्र पोकळ नाही. स्टुडिओत आणि बँडमध्ये पोट भरायचं तर दोन-तीन वाद्यं यावीच लागत. हिंदी सिनेमासंगीतातले मनोहारी सिंग सॅक्सोफोनइतकीच बासरीही वाजवत. पण ती व्यवसायाची गरज झाली. नवशिक्यावर ती अट म्हणून का लादायची? क्लॅरोनेटची नळी सरळ, एकसारख्या जाडीची. तिच्यावर वरच्या पट्टीत गेलं की तेच बोट बाराव्या स्वरावर उडी मारतं, म्हणजे बोटांचा हिशेब दोनदा पाठ करायचा. अ‍ॅडॉल्फ सॅक्स स्वतः क्लॅरोनेटवाला. त्याने 1846 साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलं ते खाली रुंद होत जाणाऱ्या नळीचं, आणि तिच्यावर अंगठ्याची चावी दाबली की तोच स्वर सप्तकभर वर जातो. त्याने सोपा केलेला रस्ता सोडून आपण वळसा घालायचा, याला काय म्हणावं! शिवाय क्लॅरोनेटचा आवळलेला ओठ सॅक्सवर आणला की आवाज बारीक होतो, तो सोडवायला पुन्हा महिने जातात.

आता क्लासवाल्यांचा युक्तिवाद: गाणं लवकर हातात दिलं नाही तर विद्यार्थी टिकत नाही. खरं आहे. ‘आराधना’तलं ‘रूप तेरा मस्ताना’ वाजवायचं म्हणूनच निम्मे लोक येतात, मीही त्यातलाच. पण दुसऱ्या आठवड्यात मागे ट्रॅक लावून ते वाजवायला दिलं की ट्रॅक चुका झाकतो आणि चावायची सवय पक्की होते. गाणं द्या, पण अर्धा वेळ एकच स्वर लांब धरण्यात गेला पाहिजे. आणि तो अर्धा वेळ आधीचा.

इथे आपल्याकडचा कान कामी येतो. अल्टोवर ‘सी’चं बोट धरलं की पेटीवरची काळी दोन ऐकू येते, टेनरवर काळी पाच. पाश्चात्त्य पद्धतीने शिकणारा या हिशेबाने गोंधळतो. आपल्याला सा कुठेही मानायची सवय असते. काळी दोनला सा धरून सरगम म्हणा आणि तीच वाजवा, प्रश्न मिटला. ‘विलायती वाद्यात आपलं संगीत बसत नाही’ म्हणणाऱ्यांनी कद्री गोपालनाथ ऐकावेत. नागस्वरम वाजवणाऱ्याचा हा मुलगा म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडचा सॅक्सोफोन ऐकून भारावला, आणि त्याने चाव्यांच्या त्या वाद्यातून कर्नाटकी गमक काढली.

तेव्हा घ्यायचा असेल तर बेलाशक घ्या. अल्टो घ्या, सोप्रानो दिसतो छोटा, पण सुरात ठेवायला जास्त कठीण. रीड दीड किंवा दोन नंबरची. आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, कारण पहिले तीन आठवडे घरात बदक पाळल्यासारखं वाटेल. आमच्या सोसायटीत तशी तोंडी तक्रार झालीच होती.