धाम नदी म्हणजे नको झालेल्या माशांचा पांजरपोळ नव्हे

दोन इंची ऑस्कर किंवा कपाळावर टेंगूळ येऊ लागलेला फ्लॉवरहॉर्न वर्ध्यातल्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून घरी येतो. काही महिन्यांत तो टाकीतले मॉली, टेट्रा, गोल्डफिश एकेक करून संपवतो, आणि घरात वाद सुरू होतो: सिक्लिड कुळातल्या या भांडकुदळ माशाचे करायचे काय? तीन मते नेहमी ऐकू येतात. पहिले, मासाच दुष्ट आहे, काढून टाका. दुसरे, काढणार कुठे, दुकानदार परत घेत नाही आणि घेतला तरी दुसऱ्याच्या माथी मारतो. तिसरे, ‘धामात सोडून द्या ना, जगंल बिचारा.’ यांतले पहिले मत चूक, दुसरे अर्धे खरे आणि तिसरे घातक आहे.

पहिल्या मताचे आधी पाहू. सिक्लिड हा हद्द राखणारा मासा आहे. बहुतेक मासे अंडी घालून निघून जातात. सिक्लिड मात्र अंडी-पिले सांभाळतात. काही जातींत नर-मादी मिळून पहारा देतात, काहींत मादी अंडी तोंडात धरून उबवते. पिले राखायची तर शेजाऱ्याला हाकलावेच लागते. नदीत हाकललेला मासा दूर पळतो आणि भांडण तिथेच मिटते. टाकीत पळायला वाव नसतो, म्हणून तेच भांडण जिवावर बेतते. त्यात ऑस्कर पूर्ण वाढला की फूटभर होतो आणि नेहमीच्या दोन फुटी टाकीची रुंदीही फूटभरच असते. त्याने वळायचे कसे?

शिवाय गुंड काढला म्हणजे शांतता येते, असेही नाही. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या एका सिक्लिडचा शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे. वरचढ नर हलवला की आतापर्यंत दबलेला नर काही मिनिटांत रंग पालटतो आणि त्याची जागा घेतो. कॉनराड लॉरेन्झ यांनी 1963 साली आक्रमकतेवरच्या पुस्तकात आणखी एक निरीक्षण नोंदवले: भांडायला शेजारी दिसेनासा झाला की नर स्वतःच्या मादीवरच तुटून पडतो. तेव्हा स्वभावाला दोष देण्याआधी टाकीला मोजपट्टी लावावी.

दुसऱ्या मतात तथ्य आहे. वाढलेला मासा परत घ्यायला दुकानदार कुरकुरतो, आणि त्याला कारणे आहेत. मासा रोग घेऊन आला तर दुकानातल्या सगळ्या टाक्या धोक्यात येतात. मोठ्या माशासाठी वेगळी टाकी अडवावी लागते. गिऱ्हाईक मात्र छोटे मासेच मागते. पण यावरून परतीचा मार्गच बंद आहे, असे ठरत नाही. पैसे परत मागू नका, मासा फुकट द्या, आणि त्याची लांबी, वय, त्याने काय काय मारले ते खरे खरे सांगा. फ्लॉवरहॉर्न तर अनेकांना एकटाच हवा असतो, कारण कपाळाचा उंचवटा भाग्याचा मानून तो घरात-दुकानात मिरवला जातो. तुमच्याकडे खुनी ठरलेला मासा तिथे शोभेचा ठरेल. तो दुसऱ्याच्या माथी मारला जाऊ नये, असे वाटत असेल तर त्याची माहिती लपवू नका. फसवणूक तिथेच सुरू होते.

आता तिसरे मत. ते दयेच्या भाषेत येते, म्हणून त्याचे खंडन जास्त कडकपणे करायला हवे. मासा धामात सोडला तर दोनच गोष्टी संभवतात. तो मेला, तर तुम्ही त्याला हाताने मरणाकडे लोटले. पुण्याचा प्रश्नच उरला नाही. तो जगला, तर नदीतल्या देशी माशांच्या पिलांवर जगला. आणि तो जगण्याची शक्यता खरी आहे, कारण दुकानातले बहुतेक सिक्लिड आफ्रिका आणि मध्य-दक्षिण अमेरिकेच्या उष्ण पाण्यातले आहेत. थंड देशात हिवाळा त्यांना मारतो. विदर्भात तसा हिवाळा नाही.

‘एका माशाने काय होणार?’ असे विचारणाऱ्याने 1952 आठवावे. स्वस्त प्रथिने मिळावीत या चांगल्या हेतूने त्या वर्षी मोझांबिक टिलापिया भारतात आणला गेला. तोही सिक्लिडच. उजनीच्या जलाशयात आज ‘चिलापी’, म्हणजे टिलापियाच, मुबलक सापडते आणि मच्छीमार तिच्यावर पोटही भरतात, हे मान्य. देशी मासे कमी होण्यात धरणांचा आणि प्रदूषणाचा वाटा आहे, हेही मान्य. पण एकदा पसरलेला हा मासा परत गोळा करता येत नाही, हे कुणाला नाकारता येईल? तोंडात अंडी धरलेली एक मादी नदीत गेली, तर एक मासा सोडला असे म्हणताच येत नाही. धामचे पाणी वणेत, तिथून वर्धा नदीत, पुढे प्राणहिता आणि गोदावरीत जाते. घरातली अडचण नदीत टाकली की ती भोई-ढिवरांच्या जाळ्यात निघते.

कायदा बघून घेईल, असेही म्हणू नये. आफ्रिकन मांगूर या माशावर 2000 सालापासून बंदी असूनही तो पुढे कित्येक वर्षे तळ्यांत पाळला जात राहिला. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने परकीय आक्रमक प्रजातींवर बंधने घालण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. पण धामवरच्या पवनारच्या पुलावर पिशवी रिकामी करणारा हात थांबवायला तिथे पोलीस उभा नसतो.

दयेचाच मुद्दा असेल, तर वर्ध्याने तरी गांधीजींचे ऐकावे. सेवाग्राम वसण्याच्या दहा वर्षे आधी, 1926 साली, अहमदाबादच्या भटक्या कुत्र्यांवरून वाद पेटला. तेव्हा ‘यंग इंडिया’त त्यांनी जी भूमिका मांडली, तिचा गाभा असा: पाळायचे तर जबाबदारी घेऊन पाळा, मालक न होता दया दाखवणे ही अहिंसा नव्हे. कुत्र्याला तुकडा टाकून पुढे जाणारा आणि मासा सोडून घरी जाणारा, दोघांनाही ते लागू पडते.

मग करावे काय? ज्याचे पंख फाटले आहेत किंवा जो कोपऱ्यात दबून खात नाही, तो मासा त्याच दिवशी वेगळा काढा. दगड-कुंड्यांची जागा बदला. जुन्या हद्दी मोडल्या की भांडणे काही काळ निवळतात. टाकीत काचेचे विभाजन घाला. मोठी टाकी परवडत असेल तर या माशाला एकट्याला ठेवा. एकटा सिक्लिड माणसाला ओळखतो आणि हातून खातो. यातले काहीच जमत नसेल, तर मासा दुकानात किंवा मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्याकडे द्या. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंशांच्या घरात जातो आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून मासा पहाटे हलवा. पिशवीत पाणी थोडे आणि हवा जास्त ठेवा.

दुकानदारांकडेही दोन मागण्या आहेत. प्रत्येक टाकीवर माशाच्या किमतीशेजारी त्याची पूर्ण वाढीची लांबी लिहा, आणि तुमच्याकडून गेलेला मासा विनामोबदला परत घ्या. ज्या दुकानात लांबी लिहिलेली नाही, तिथे गिऱ्हाइकाने ती विचारावी, आणि उत्तर मिळाले नाही तर मासा घेऊ नये.

भांडखोर सिक्लिड घराबाहेर देणे हा गुन्हा नाही. पुरेशी जागा नसताना त्याला कोंडून ठेवण्यापेक्षा ते बरेच. पण तो एका पाळणाऱ्याकडून दुसऱ्या पाळणाऱ्याकडेच गेला पाहिजे. धाम, बोर, वणा या नद्या आणि गावची तळी या व्यवहारातून कायमची वगळा.